बॅकअप यंत्रणेच्या डेटाबेसची देखभाल: कोकणातील छोट्या कार्यालयांसाठी नियोजन

कोकणातील अनेक पतसंस्था, महाविद्यालये, दवाखाने आणि आंबा-काजू प्रक्रिया उद्योग यांच्या कार्यालयांत आता रोज रात्री बॅकअप घेणारा एखादा सर्व्हर असतो. तो सांभाळण्याची जबाबदारी पुष्कळदा हिशेबनीस किंवा लिपिक म्हणून रुजू झालेल्या, पण संगणकाची जाण असलेल्या व्यक्तीवर येते. सकाळी ‘जॉब यशस्वी’ (जॉब म्हणजे बॅकअपचे एक ठरलेले काम) असा संदेश आला की दिवस सुरू होतो, आणि बॅकअप यंत्रणेच्या पोटात स्वतःचा एक डेटाबेस आहे, त्यालाही देखभाल लागते, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. हा लेख अशा व्यक्तीसाठी आहे. उदाहरणे बॅक्युला ही मुक्त बॅकअप प्रणाली आणि तिच्यासोबत चालणारा पोस्टग्रेस डेटाबेस यांची घेतली आहेत. बॅरिओस ही प्रणाली बॅक्युलातूनच निघालेली असल्याने तिलाही यातील बरेचसे लागू पडते. इतर प्रणालींत नावे आणि पडदे बदलतात, पण कामांचा क्रम फारसा बदलत नाही.

या डेटाबेसला कॅटलॉग म्हणतात. कोणत्या संगणकावरची कोणती फाइल, कोणत्या रात्री, कोणत्या टेपवर किंवा डिस्कवर, नेमक्या कोणत्या ठिकाणी लिहिली गेली, याची नोंद त्यात असते. सातबारा गहाळ झाला म्हणून जमीन नाहीशी होत नाही, पण ती कोणाची आणि कुठून कुठपर्यंत हे सांगता येत नाही. कॅटलॉग गेल्यावर बॅकअपची तीच गत होते. बॅक्युलात ‘बीस्कॅन’ नावाचे साधन आहे, जे सगळ्या टेपा किंवा डिस्कवरच्या फाइली पहिल्यापासून वाचून कॅटलॉग पुन्हा उभा करते. मात्र ते काम माध्यमावरचा सगळा मजकूर वाचून करावे लागत असल्याने त्यात तास नव्हे, दिवस जाऊ शकतात, आणि ती वेळ नेमकी कार्यालय ठप्प झालेले असतानाच येते. म्हणून कॅटलॉगच्या देखभालीचे नियोजन बॅकअपच्या नियोजनाचे शेपूट म्हणून न करता स्वतंत्रपणे करावे.

पहिली पायरी: आहे ते मोजून घेणे

कोणतेही वेळापत्रक आखण्यापूर्वी एक-दोन आठवडे केवळ निरीक्षण करावे. एका वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात: पोस्टग्रेसची आणि बॅकअप प्रणालीची आवृत्ती, डेटाबेसचा एकूण आकार, त्यातील सर्वांत मोठी तीन-चार टेबले (म्हणजे नोंदींचे तक्ते), डेटाबेस ज्या डिस्कवर आहे तिच्यावरील मोकळी जागा, आणि प्रत्येक रात्री पहिला जॉब किती वाजता सुरू होतो व शेवटचा किती वाजता संपतो. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण देखभालीसाठी मोकळी वेळ कोणती हे तीच सांगते. अंदाजाने धरलेली वेळ महिनाअखेरीला चुकते, कारण त्या रात्री जॉब लांबतात.

आकाराचा हिशेब समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. गुहागर तालुक्यातील एका पतसंस्थेचे मुख्य कार्यालय आणि चार शाखा मिळून पाच संगणकांचा बॅकअप घेतला जातो, आणि प्रत्येकावर सुमारे दोन लाख फाइली आहेत असे समजू. दर रविवारी पूर्ण बॅकअप होत असेल, तर एका रविवारी कॅटलॉगच्या ‘फाइल’ या टेबलात दहा लाख ओळींची भर पडते. नोंदी ६० दिवस ठेवायच्या असतील, तर कोणत्याही वेळी आठ-नऊ पूर्ण बॅकअपच्या मिळून ८० लाखांहून अधिक ओळी तिथे असणार. एका ओळीला साधारण दीडशे बाइट धरले तर मूळ मजकूरच सव्वा जीबीच्या आसपास जातो. इंडेक्स (ओळी चटकन शोधण्यासाठीच्या सूची) आणि रोजच्या वाढीव, म्हणजे फक्त बदललेल्या फाइलींच्या, बॅकअपच्या नोंदी धरून तीन-चार जीबीची तयारी ठेवावी. आजच्या डिस्कच्या मानाने हा आकार काहीच नाही. तरीही हा हिशेब मांडून ठेवावा, कारण पुढे एखाद्या महिन्यात डेटाबेस दुप्पट झालेला दिसला, तर फाइली खरोखर वाढल्या की जुन्या नोंदी पुसल्या जाणे थांबले, हे त्यावरूनच ओळखता येते.

दुसरी पायरी: नोंदी किती काळ ठेवायच्या हे ठरवणे

बॅक्युलात मुदती तीन प्रकारच्या असतात, आणि नवख्यांचा गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. फाइलची नोंद किती दिवस ठेवायची याची मूळ मुदत ६० दिवस असते, जॉबची नोंद १८० दिवस, आणि टेप किंवा डिस्कवरची प्रत ३६५ दिवस. याचा प्रत्यक्ष अर्थ असा, की तीन महिन्यांपूर्वीचा बॅकअप डिस्कवर शाबूत असतो, त्या जॉबची नोंदही असते, पण त्यातील एकेका फाइलची यादी कॅटलॉगमधून गेलेली असते. अशा वेळी एक फाइल निवडून परत आणता येत नाही, सगळा जॉब उतरवून घ्यावा लागतो. सहा महिन्यांनंतर जॉबची नोंदही गेली, की बीस्कॅनशिवाय गत्यंतर नसते.

सहकारी संस्थांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यानंतरचे काही महिने लेखापरीक्षण चालते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. म्हणजे मार्चमधील एखादी फाइल जुलैमध्ये मागितली जाण्याची शक्यता चांगलीच असते, आणि ६० दिवसांच्या मुदतीत ती नोंद टिकत नाही. माझ्या मते अशा कार्यालयात फाइलच्या नोंदींची मुदत निदान २०० दिवस असावी, आणि जॉबच्या नोंदींचीही तेवढीच, कारण जॉबची नोंद गेली की तिच्यासोबत फाइलींच्या नोंदीही जातात. त्यामुळे डेटाबेस तिपटीहून मोठा होईल, पण वरच्या हिशेबाप्रमाणे तो दहा-बारा जीबीपर्यंतच जातो, आणि डिस्क आज वेळेपेक्षा स्वस्त आहे. ३१ मार्चच्या रात्रीच्या पूर्ण बॅकअपसाठी वेगळा पूल (टेपांचा किंवा डिस्कवरच्या प्रतींचा गट) करून त्याला कित्येक वर्षांची स्वतंत्र मुदत द्यावी. त्या रात्रीचा कॅटलॉगचा डंप, म्हणजे डेटाबेसची निर्यात केलेली प्रत, हाही त्या वार्षिक प्रतीसोबतच ठेवावा, आणि तो कोणत्या आवृत्तीचा आहे हे पाकिटावर लिहावे.

मुदत किती असावी हे संगणक सांभाळणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. व्यवस्थापक आणि लेखापरीक्षक यांच्याशी बोलून, लेखी मंजुरी घेऊन मगच ती प्रणालीत भरावी. आणखी एक सावधगिरी: मुदत संपलेल्या नोंदी काढण्याच्या कामाला बॅक्युलात ‘प्रून’ म्हणतात, तर ‘पर्ज’ हा आदेश मुदत न पाहता नोंदी पुसतो. जागा कमी पडली म्हणून घाईने पर्ज चालवण्याचा मोह होतो. तो आदेश एकट्याने, आणि कॅटलॉगचा ताजा डंप हाती नसताना, कधीही देऊ नये.

तिसरी पायरी: रात्रीचा क्रम लावणे

बॅक्युलाच्या नमुना मांडणीत (कॉन्फिगरेशनमध्ये) रोजचे जॉब रात्री ११.०५ ला सुरू होतात आणि कॅटलॉगचा बॅकअप ११.१० ला लावलेला असतो. पाच मिनिटांत जॉब कसे संपतील, असा प्रश्न पडतो. उत्तर प्राधान्याच्या आकड्यात आहे. नेहमीच्या जॉबचे प्राधान्य १० आणि कॅटलॉगच्या जॉबचे ११ असते; मोठा आकडा म्हणजे कमी प्राधान्य, त्यामुळे कॅटलॉगचा जॉब बाकीचे सगळे संपेपर्यंत थांबून राहतो. हा आकडा बदलला गेला, तर कॅटलॉगचा डंप जॉब चालू असतानाच घेतला जातो आणि त्या रात्रीच्या नोंदी त्यात अर्ध्याच येतात. नवीन जॉब तयार करताना जुन्याची नक्कल करण्याची सवय सगळ्यांनाच असते. त्या वेळी हा आकडा तपासावा.

मुदत संपलेल्या नोंदी पुसण्याचे काम बॅक्युला प्रत्येक जॉबच्या शेवटी आपोआप करू शकते. छोट्या कार्यालयात ते चालून जाते, पण आमच्या उदाहरणातील पतसंस्थेसारख्या ठिकाणी एका जॉबच्या शेवटी लाखो ओळी पुसल्या जात असताना दुसरा जॉब तितक्याच ओळी भरत असतो, आणि दोन्ही रखडतात. तिथे आपोआप पुसणे बंद करून पहाटे एका वेगळ्या प्रशासकीय जॉबने (जो बॅकअप न घेता फक्त आदेश चालवतो) ते करावे. मग रात्रीचा क्रम असा होतो: ११.०५ पासून बॅकअप, ते संपल्यावर कॅटलॉगचा डंप, त्याची प्रत कार्यालयाबाहेर रवाना, साधारण साडेचारला जुन्या नोंदी पुसणे, आणि पाचच्या सुमारास ‘फाइल’ टेबलाची सफाई, म्हणजे पुढच्या पायरीतील व्हॅक्यूम. डंप आधी आणि पुसणे नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. मुदतीत काही चूक असेल आणि नको त्या नोंदी पुसल्या गेल्या, तर त्या निदान त्याच रात्रीच्या डंपमध्ये सापडतात.

डंप आणि सफाई एकाच वेळी ठेवू नयेत, याला तांत्रिक कारणही आहे. पोस्टग्रेसचा डंप सुरू होतो तेव्हाची डेटाबेसची स्थिती तो शेवटपर्यंत धरून ठेवतो, आणि तो चालू असेपर्यंत त्यानंतर पुसलेल्या ओळींची जागा सफाईला मोकळी करता येत नाही. सफाई होते, संदेशही यशाचा येतो, पण जागा सुटत नाही.

चौथी पायरी: व्हॅक्यूम, आकडेवारी आणि इंडेक्स

पोस्टग्रेसमध्ये ओळ पुसली म्हणजे ती लगेच नाहीशी होत नाही. ती मृत म्हणून जागेवर पडून राहते, आणि ‘व्हॅक्यूम’ हे काम येऊन ती जागा नव्या ओळींसाठी मोकळी करते. ऑटोव्हॅक्यूम ही सोय हे आपोआप करते आणि ती मुळातच चालू असते. कुठेतरी वाचून ती बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

मात्र तिची मूळ मांडणी मोठ्या टेबलासाठी सैल आहे. टेबलातील एकूण ओळींच्या २० टक्के अधिक ५० इतक्या ओळी मृत झाल्यावरच ऑटोव्हॅक्यूम जागे होते. आमच्या उदाहरणात ८० लाख ओळींचे २० टक्के म्हणजे १६ लाख. एका आठवड्यात एका पूर्ण बॅकअपच्या दहा लाख ओळी पुसल्या जातात आणि रोजच्या वाढीव नोंदी थोड्या असतात, म्हणजे त्या आठवड्यात मर्यादा गाठलीच जात नाही. दुसऱ्या आठवड्यात आणखी दहा लाख मृत झाल्यावर सफाई सुरू होते, तीही नेमकी केव्हा होईल ते आपल्या हातात नसते. मुदत २०० दिवस केली की टेबल मोठे होते आणि ही मर्यादाही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. ‘फाइल’ या एका टेबलापुरते ते प्रमाण २० वरून ५ टक्क्यांवर आणावे, आणि पूर्ण बॅकअपच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, नोंदी पुसून झाल्यावर, त्या टेबलावर व्हॅक्यूम आणि ॲनालाइझ हे दोन्ही ठरवून चालवावेत. ॲनालाइझमुळे टेबलात काय आणि किती आहे याची आकडेवारी ताजी राहते. ती शिळी असेल तर रिस्टोअरच्या, म्हणजे बॅकअपमधून फाइली परत आणण्याच्या, वेळी फाइलींची यादी उघडायलाच विनाकारण बराच वेळ लागतो.

‘व्हॅक्यूम फुल’ हे वेगळे प्रकरण आहे आणि त्याच्या नावामुळे ते अधिक चांगले वाटते. ते सगळे टेबल नव्याने लिहून काढते, त्यासाठी डिस्कवर टेबल आणि इंडेक्स यांच्याएवढी जादा जागा लागते, आणि काम चालू असेपर्यंत टेबल पूर्ण कुलूपबंद राहते, म्हणजे त्या काळात बॅकअपही नाही आणि रिस्टोअरही नाही. साध्या व्हॅक्यूमने फाइलचा आकार सहसा कमी होत नाही, फक्त आतली जागा पुन्हा वापरण्याजोगी होते, आणि रोज भरणाऱ्या व पुसल्या जाणाऱ्या कॅटलॉगला नेमके तेवढेच हवे असते. फुल फक्त तेव्हाच, जेव्हा एखादा मोठा संगणक कायमचा बॅकअपमधून काढला आणि टेबल निम्म्याहून रिकामे झाले.

इंडेक्स वर्ष-सहा महिन्यांत फुगतात. पोस्टग्रेसच्या १२ व्या आवृत्तीपासून काम न थांबवता इंडेक्स नव्याने बांधता येतो. तो बांधत असताना वीज गेली किंवा कोणी काम तोडले, तर शेवटी ‘सीसीन्यू’ असे जोडलेले नाव घेऊन एक अर्धवट, अवैध इंडेक्स मागे राहतो. तो कामाला येत नाही, पण जागा खातो आणि प्रत्येक नव्या ओळीचा भार वाढवतो. दुसऱ्या दिवशी तो शोधून काढून टाकावा.

सर्व्हरची ऑपरेटिंग प्रणाली बदलताना आणखी एक गोष्ट पाहावी. लिनक्समधील जी-लिबसी या मूलभूत सॉफ्टवेअर-घटकाच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांची क्रमवारी लावण्याचे नियम बदलले, आणि डेबियन १० व रेड हॅट ८ यांच्यापासून ते सर्वत्र आले. जुन्या प्रणालीवरून डेटाबेसच्या फाइली तशाच उचलून नव्यावर ठेवल्या असतील, तर मजकुरावर बांधलेले इंडेक्स चुकीचे उत्तर देऊ शकतात, आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. असे स्थलांतर झाले असेल तर ते सगळे इंडेक्स पुन्हा बांधावेत.

‘डीबीचेक’ हे बॅक्युलाचे साधन निराधार, म्हणजे कशाशीही न जोडलेल्या, नोंदी शोधते. मोठ्या कॅटलॉगवर ते फार वेळ घेते. वर्षातून एकदा, डंप घेतल्यानंतर, जॉब बंद असताना चालवले तरी पुरे. पोस्टग्रेसची १४ वी किंवा पुढची आवृत्ती असेल, तर ‘पीजी-ॲमचेक’ने टेबले आणि इंडेक्स यांची तपासणी तिमाहीतून एकदा करावी.

पाचवी पायरी: कॅटलॉगची प्रत कुठे ठेवायची

नमुना मांडणीत कॅटलॉगचा डंप बॅकअपच्याच डिस्कवर लिहिला जातो आणि मूळ फाइल पुसली जाते. इथे एक पेच आहे. डिस्कवर तो डंप नेमका कुठे आहे हे सांगणारी नोंद कॅटलॉगमध्येच असते, आणि गेलेला असतो तो कॅटलॉगच. म्हणून कॅटलॉगच्या जॉबची ‘बूटस्ट्रॅप’ फाइल, जिच्यात डंप कोणत्या डिस्कवर कुठे आहे हे लिहिलेले असते, ती रोज ईमेलने दोन व्यक्तींकडे जाईल अशी सोय करावी, आणि डंपची एक साधी, सुटी प्रतही कार्यालयाबाहेर ठेवावी. सोबत बॅकअप प्रणालीच्या मांडणीच्या सगळ्या फाइली, डेटाबेसमधील वापरकर्त्यांची यादी (ती साध्या डंपमध्ये येत नाही, वेगळी काढावी लागते) आणि बॅकअप सांकेतिक रूपात (एन्क्रिप्ट करून) लिहिला जात असेल तर त्याची किल्ली, एवढे असले पाहिजे. किल्लीची प्रत मोहोरबंद पाकिटात, अध्यक्षांच्या किंवा प्राचार्यांच्या तिजोरीत.

बाहेरची जागा निवडताना कोकणात नदी आणि घाट यांचा विचार करावाच लागतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरची कार्यालये बुडाली. त्याच पावसात खेडला जगबुडीने आणि महाडला सावित्रीने थैमान घातले. जगबुडी पुढे वाशिष्ठीलाच मिळते. म्हणून चिपळूणच्या कार्यालयाने आपली प्रत खेडच्या शाखेत ठेवली तर अंतर वाढते, पण धोका तोच राहतो. रत्नागिरी शहराचा बराचसा भाग जांभ्याच्या सड्यावर आहे, तिथली उंचावरची शाखा त्यापेक्षा बरी. घाटावर, पुण्यासारख्या ठिकाणी, किंवा दूरच्या डेटा सेंटरमध्ये दुसरी प्रत असावी. मात्र ती जाण्याची वाट इंटरनेटची असावी. दर शनिवारी कोणीतरी हार्ड डिस्क घेऊन कुंभार्ली घाट चढेल, असे नियोजन जुलैमध्ये कोलमडते. कॅटलॉगचा संकुचित डंप काही शे एमबीचा असतो आणि मंद जोडणीवरूनही रातोरात जातो, त्यामुळे मोठ्या बॅकअपचे काहीही होवो, निदान कॅटलॉग बाहेर न पाठवण्याला सबब उरत नाही.

सहावी पायरी: रिस्टोअरची तालीम

डंप आहे एवढ्यावर विसंबू नये. तालमीसाठी एखादा जुना पण चालू डेस्कटॉप घ्यावा, त्यावर पोस्टग्रेस आणि बॅक्युला यांच्या त्याच आवृत्त्या घालाव्यात, आणि बाहेरच्या जागेवरून आणलेला डंप त्यात भरावा. कार्यालयातला डंप वापरला तर बाहेरची प्रत चांगली आहे की नाही हे कळत नाही. भरून झाल्यावर ॲनालाइझ चालवावे, मग कॅटलॉगमधील शेवटच्या जॉबचा क्रमांक वहीतील क्रमांकाशी ताडून पाहावा. त्यानंतर तीन फाइली निवडाव्यात: एक गेल्या आठवड्यातील, एक तीन-चार महिन्यांपूर्वीची आणि एक मराठी नाव असलेली, कारण फाइलींच्या नावांतील देवनागरी अक्षरे चुकीच्या मांडणीत बिघडतात. त्या परत आणून उघडून पाहाव्यात. फाइल परत आली म्हणजे ती उघडते असे नव्हे.

एका धोक्याकडे विशेष लक्ष द्यावे. मूळ मांडणी जशीच्या तशी तालमीच्या संगणकावर घातली आणि बॅक्युलाची मुख्य सेवा चालू ठेवली, तर रात्री ११.०५ ला तो संगणकही स्वतःला खरा समजून जॉब सुरू करील आणि खऱ्या डिस्कवर लिहू लागेल. म्हणून तालमीच्या मांडणीतील सगळी वेळापत्रके आधी काढून टाकावीत, शाखांशी असलेली जोडणी तोडावी, आणि डिस्कच्या प्रती फक्त वाचण्यासाठी जोडाव्यात. सुरुवातीपासून पहिली फाइल उघडेपर्यंत किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. खरी आपत्ती आल्यावर व्यवस्थापक पहिला प्रश्न तोच विचारणार असतात.

वीज, बॅटरी आणि खारी हवा

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागातील कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा मोठ्या संकटांपेक्षा रोज पाच-दहा वेळा जाणारी वीज डेटाबेसला अधिक छळते. पोस्टग्रेस अचानक बंद पडले तरी आपल्या व्यवहार-नोंदींवरून, ज्यांना वॉल म्हणतात, पुन्हा सावरते. त्यासाठी ‘एफसिंक’ ही सोय चालू असली पाहिजे; वेग वाढवण्यासाठी ती बंद करू नये. डिस्क भरली म्हणून वॉलच्या फाइली हाताने पुसणे म्हणजे डेटाबेस हाताने मोडणे आहे. जागा हवी असेल तर जुने डंप हलवावेत.

सर्व्हर थेट इन्व्हर्टरवर न ठेवता यूपीएसवर ठेवावा, कारण इन्व्हर्टरची अदलाबदल होतानाच्या क्षणात सर्व्हर पुन्हा सुरू होऊ शकतो. यूपीएस आणि सर्व्हर यांच्यात केबल जोडून, बॅटरी उतरू लागताच आधी पोस्टग्रेस आणि मग सर्व्हर रीतसर बंद होईल अशी व्यवस्था करावी. ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ या मुक्त साधनाने ते होते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत केबलींच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि डिस्कची जोडणी मधूनच तुटते. डेटाबेसमध्ये न समजणाऱ्या त्रुटी दिसू लागल्या, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी ही टोके पाहावीत.

वर्षाचे वेळापत्रक

मोठी कामे, म्हणजे आवृत्ती बदलणे, नवीन डिस्क, व्हॅक्यूम फुल, ही दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर या काळात करावीत. हवा कोरडी असते, वीज बरी असते आणि हिशेबाची घाई नसते. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो, तो संपण्याआधीच्या हिवाळ्यात बदल उरकावा, आणि नवी आवृत्ती आपल्या बॅकअप प्रणालीला चालते का हे आधी पाहावे. लहान सुधारणा फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. त्या घालायला डेटाबेस फक्त थोडा वेळ बंद करावा लागतो, त्यामुळे त्या लांबवू नयेत.

मार्चमध्ये काहीही बदलू नये. १५ एप्रिल ते १० मे या काळात रिस्टोअरची तालीम, यूपीएसच्या बॅटरीची चाचणी आणि बाहेरच्या प्रतीची तपासणी संपवावी. ही कामे मेअखेरपर्यंत ढकलण्याची पद्धत आहे, पण तौक्ते वादळ २०२१ मध्ये मेच्या मध्यावरच कोकण किनाऱ्याजवळून गेले. आंब्याचा व्यवसाय असलेल्या कार्यालयांना हा काळ सर्वांत धावपळीचा असतो. त्यांनी तालीम फेब्रुवारीत घ्यावी आणि एप्रिलमध्ये फक्त बॅटरी आणि बाहेरची प्रत पाहावी. जून ते सप्टेंबर फक्त आपोआप चालणारी कामे चालू द्यावीत आणि रोज सकाळी बाहेर गेलेल्या डंपचा आकार पाहावा. तो अचानक घटला तर त्याच दिवशी कारण शोधावे. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात केबली, डिस्क आणि इंडेक्स यांची तपासणी, आणि दुसरी तालीम.

गणपतीत कार्यालये ओस पडतात आणि बॅकअप पाहणारी एकमेव व्यक्तीही गावी किंवा पाहुण्यांत असते. म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यात जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे तरी रीतसर सोपवावी. त्या व्यक्तीला डेटाबेस दुरुस्त करता आला नाही तरी चालेल. रोजचा संदेश कुठे येतो, डंपचा आकार साधारण किती असतो, डिस्क ८५ टक्के भरली तर कोणाला फोन करायचा, आणि कोणत्या आदेशांना हात लावायचा नाही, हे एका पानावर लिहून ते पान सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर लावावे. पासवर्ड त्या पानावर लिहू नये. तो तिजोरीतील पाकिटात, किल्लीशेजारी असावा, आणि पाकीट उघडले गेल्यास कोणी व कधी उघडले याची नोंद त्याच वहीत करावी.